इंजिन बदलण्याआधी पत्रे परत लावा

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

मी वरूड तालुक्यातला. घरी संत्र्याची बाग आणि थोडी पऱ्हाटी. आमच्या आबाजींनी १९७४ साली एका परदेशी डॉक्टर जोडप्याकडून फोक्सवॅगनची व्हॅन घेतली होती. १९७३ चं मॉडेल, १६०० सीसी, इंजिन मागे. गावात सगळे तिला मॅटाडोरच म्हणतात. आबाजी गेल्यावर ती अकरा वर्षं कापसाच्या गोडाऊनमध्ये उभी होती. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती चालू केली. गावातल्या गावात ठीक चालते, पण मोर्शीला पोचेस्तोवर तापते, ओढत नाही, चढ आला की दम सोडते. वीस मिनिटं उभी ठेवली की परत चालू होते. इंजिनाला हवा लागावी म्हणून मिस्त्रीने आजूबाजूचे पत्रे काढून टाकले, मागचं झाकणही आम्ही उघडंच ठेवतो. फरक काही नाही.

मुंबईतल्या मित्राने अपघातात गेलेल्या एका पोर्शे बॉक्स्टर या स्पोर्ट्स कारचं इंजिन पाहून ठेवलंय. २.७ लिटर, २४० अश्वशक्ती. साडेतीन लाख सांगतात, मी वीस हजार इसार देऊन ठेवला. बाबा म्हणतात, "काय बाप्पा डोक्शात शिरलं तुह्या, भंगारात टाक तिले." आजी काही बोलत नाही. पण आबाजी तिला दर दिवाळीनंतर याच गाडीने चिखलदऱ्याला न्यायचे, आणि यंदा मला तिला न्यायचंय. आरसी आबाजींच्याच नावावर आहे, नूतनीकरण राहिलंय. इंजिन बसवू का?

तुमचा,
एक बागवान


सल्ला

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मी अडखळलो ते बॉक्स्टरपाशी नाही, "मिस्त्रीने पत्रे काढून टाकले" या वाक्यापाशी. आधी तेच घेतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

तुमच्या व्हॅनला रेडिएटर नाही. तिचं इंजिन हवेवर थंड होतं. डायनॅमोच्या दांड्यावर एक पंखा असतो, तो वरून हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पात्यांवरून खाली ढकलतो. त्या इंजिनाभोवतीचे पत्रे शोभेचे नाहीत. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांच्यामधली ती भिंत आहे. पत्र्यांच्या कडेला, इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये, रबराची पट्टी असते. तीही त्याच भिंतीचा भाग. पत्रे काढले की खाली फेकलेली गरम हवा फिरून वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर मारतो. सायलेन्सरची उष्णताही त्यातच मिसळते. झाकण उघडं ठेवल्यानेही भलं होत नाही, कारण या गाडीने हवा घ्यायची ती मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरच्या जाळीतून. तुमच्या मिस्त्रीने चांगल्या मनाने केलं, यात शंका नाही. आपल्याकडे घर तापलं की खिडक्या उघडतात, त्याच हिशेबाने त्याने केलं. पण इथे हिशेब कूलरसारखा आहे. कूलरचे पॅड आणि मागची बाजू काढून टाकली तर पंखा फिरतो, गारवा येत नाही.

दुसरी गोष्ट, गोडाऊन. अकरा वर्षं कापसात उभी असलेली गाडी आणि तिचा पंखा ज्या पेटीत फिरतो ती पेटी, म्हणजे उंदरांना आयतं घर. माझ्याकडे एकदा शेतातल्या पंपाचं हवेवर थंड होणारं डिझेल इंजिन आलं होतं. शेतकरी म्हणाला, पंधरा मिनिटांत बंद पडतं, पिस्टन गेला असेल. मी वरचं आवरण काढलं तर पात्यांच्या मधल्या फटी दिसेचनात. कापूस, काडीकचरा, त्यावर तेल आणि वर काळी माती, सगळं मिळून विटेसारखं घट्ट बसलेलं. मी स्क्रू ड्रायव्हरने एकेक फट मोकळी केली, अर्धा दिवस गेला. पिस्टन ठणठणीत होता. ते इंजिन पुढे कित्येक वर्षं ओलीत करत राहिलं. तुमच्या व्हॅनच्या पंख्याची पेटी उचलून आत बघितल्याशिवाय तिच्याबद्दल एकही निर्णय घेऊ नका. इंजिन खाली उतरवावं लागेल. घाबरू नका, या गाडीचं इंजिन मुख्यतः चार मोठ्या बोल्टांवर गिअरबॉक्सला धरलेलं असतं, वजन शंभर-सव्वाशे किलो. जॅक आणि दोन माणसं असली की उतरतं.

वीस मिनिटं थांबली की चालू होते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्याचे रिंग-पिस्टन संपलेत ते इंजिन थंड असतानाही नीट ओढत नाही, निळा धूर टाकतं, ऑइल पितं. तुमचं इंजिन गार असताना नीट चालतं आणि तापलं की हात टेकतं. माझ्या समजुतीने ते गुदमरतंय. खात्री हवी तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. दाब पुरेसा असेल आणि चारांत फार तफावत नसेल तर इंजिनात अजून जीव आहे.

आता बॉक्स्टरचं.

तुमच्या स्वप्नाला मी हसणार नाही. ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं असं नाही. खुद्द पोर्शेने १९८४ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या पुढच्या पिढीच्या व्हॅनमध्ये आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारचं ३.२ लिटरचं, २३१ अश्वशक्तीचं इंजिन बसवून मोजक्या गाड्या बनवल्या होत्या. आणि नातं त्याहून जुनं आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात फोक्सवॅगनची बीटल ही छोटी कार रेखाटली, तिच्याच इंजिनाच्या वंशातलं तुमच्या व्हॅनचं इंजिन. १९४८ मध्ये पोर्शेच्या नावाची पहिली स्पोर्ट्स कार, ३५६, रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात बीटलचंच ११३१ सीसीचं इंजिन सुधारून घातलेलं होतं. म्हणजे उसनवारी सुरू झाली ती उलट्या बाजूने. स्पोर्ट्स कारने तुमच्या व्हॅनच्या घरातून इंजिन नेलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण गोडाऊनमधल्या त्या इंजिनाकडे तुम्ही "जुनं, कमजोर" म्हणून बघताय असं पत्रातून वाटलं. ते तसं नाही.

पण पोर्शेने ती व्हॅन केली तेव्हा नुसतं इंजिन टाकून मोकळे झाले नाहीत. गिअरबॉक्स, ब्रेक सगळं त्या ताकदीला साजेसं केलं. आणि ९११ चं इंजिन गाडीच्या अगदी मागे असतं, तुमच्या व्हॅनसारखंच. बॉक्स्टरचं तसं नाही. तिचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, मध्यात असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. तुमच्या व्हॅनमध्ये गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन मागे. बॉक्स्टरचं इंजिन-गिअरबॉक्स जोडीने उचलून व्हॅनमध्ये उलटं फिरवून बसवलं तर चाकं उलटी फिरतील. पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला पाच. ते टाळायला गिअरबॉक्स खोलून आतलं मोठं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं, आणि ते प्रत्येक गिअरबॉक्समध्ये जमतंच असं नाही. व्हॅनचाच गिअरबॉक्स ठेवायचा म्हणाल तर तो ५० अश्वशक्तीसाठी बनलेला आहे. २४० ची ताकद त्याच्यावर टाकली की दात जातील.

मग थंड करण्याचा प्रश्न. बॉक्स्टरचं इंजिन पाण्यावर थंड होतं. रेडिएटर समोर लावायचा, तिथून मागपर्यंत गाडीच्या पोटाखालून दोन पाइप न्यायचे, त्यात हवा अडकू द्यायची नाही. ब्राझीलमध्ये हीच व्हॅन डिसेंबर २०१३ पर्यंत तयार होत होती. २००५ च्या अखेरीस तिच्यात पाण्यावरचं १.४ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कारखान्यालाही तिच्या तोंडावर रेडिएटर बसवावा लागला. तो १.४ लिटरसाठी होता. तुम्ही २.७ लिटरचं म्हणताय, आणि आपल्या मे महिन्यात. पंचेचाळीस डिग्रीत वरूडच्या बसस्टँडसमोर गर्दीत अडकल्यावर ते इंजिन काय करील, याचा विचार करा.

शिवाय हे इंजिन संगणकावर चालतं. त्याचा ईसीयू, म्हणजे तोच संगणक, चोरी-रोधक यंत्रणा, तिला ओळखणारी चावी, अॅक्सिलरेटरचं पेडल, सगळं वायरिंग, सगळे सेन्सर, यातलं एक जरी नसलं तर साडेतीन लाखांचं लोखंड-अॅल्युमिनियम तुमच्या अंगणात पडून राहील.

ब्रेकबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण ही चूक मी केलेली आहे. गॅरेज काढून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका शेतकऱ्याच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये मी मोठं डिझेल इंजिन बसवून दिलं. तेव्हा आपल्या भागात ते सर्रास चालायचं, पेट्रोल परवडत नव्हतं. इंजिन सुरेख बसलं, मला फार अभिमान वाटला. ब्रेक जुनेच राहू दिले. हंगामात त्याने तुरीची पोती भरली आणि उतारावर गाडीला नवा वेग मिळाला. ब्रेक तापून त्यांचा वास यायला लागला, मग पेडल खाली गेलं. जीप रस्ता सोडून एका शेताच्या धुऱ्यावर चढली आणि थांबली. कुणाला लागलं नाही. पोत्यांवर त्याचा दहा वर्षांचा मुलगा बसलेला होता. तो किती तरी वेळ दोरी सोडतच नव्हता, आम्ही त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्या दिवसानंतर मी कुठल्याही गाडीत मूळच्यापेक्षा मोठं इंजिन बसवलं नाही.

वेग दीडपट झाला की गाडी थांबवताना ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. तुमच्या १९७३ च्या व्हॅनला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि ते मूळच्या ५० अश्वशक्तीच्या वेगासाठी केलेले आहेत. त्यात तुम्ही आणि शेजारी बसलेली आजी अगदी पुढच्या चाकांवर बसता. पायांसमोर फक्त पत्रा आहे. त्या गाडीत २४० अश्वशक्ती घालून मी माझ्या घरच्या माणसाला बसवणार नाही, म्हणून तुम्हालाही बसवा म्हणू शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्धचे फेरबदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ इंजिन निकामी झालंच तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं आरटीओची आधी परवानगी घेऊन बसवता येतं. बॉक्स्टरचं त्यात बसत नाही. आणि आरसीवरच्या इंजिन नंबरशी गाडी जुळली नाही तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करील, तेव्हा तुम्ही एकटे असाल.

आणि एक गोष्ट तुमच्या बाबांना जरूर वाचून दाखवा. जुलै २०२१ पासून केंद्राच्या नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी, बाहेरून आलेली असली तरी, त्यात बसते. नवीन नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण पाच हजार, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमच्या व्हॅनने पन्नाशी ओलांडली. जिला बाबा भंगार म्हणतात ती गाडी सरकारच्या नियमाने वारसा ठरू शकते, आणि ते दार बंद होईल ते नेमकं बॉक्स्टरच्या इंजिनाने.

मात्र ती नोंदणी लगेच करा असं मी म्हणत नाही. व्हिंटेज गाडी रस्त्यावर रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं अशा कामांपुरतीच काढता येते. आजीला चिखलदऱ्याला नेणं त्यात बसणार नाही. आधी आरसी वारसाच्या नावावर करून घ्या, तपासणी करून नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण घ्या. व्हिंटेजचा विचार पुढे कधीही करता येईल, इंजिन मूळचं राहिलं तर.

तर कामाला लागा. सगळ्यात आधी, पत्र्यांच्याही आधी, पेट्रोलचे रबरी पाइप बदला. आजच बदला. पन्नास वर्षांचं रबर कडक होऊन चिरतं, आणि आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ते अजून लवकर जातं. इथेनॉल सोसणारे पाइप मागून घ्या, क्लिपाही नव्या. या इंजिनाचा मधला सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, एकदा पेटला की पाण्याने विझत नाही. ड्रायव्हरच्या सीटजवळ अग्निशामक सिलिंडर ठेवा, तो रिकामा नाही ना हे बघून.

मग इंजिन उतरवा, पंख्याची पेटी आणि ऑइल कूलर साफ करा, काढलेले पत्रे शोधून परत लावा. मिस्त्रीने ते विकले नसतील अशी आशा करू या. गेले असतील तर पुण्या-मुंबईत या गाड्या सांभाळणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून नमुना घेऊन अमरावतीत चांगला पत्राकाम करणारा तेच पत्रे बनवून देईल. रबराची पट्टी विसरू नका. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरवर सेट करा, आणि दर पाच हजार किलोमीटरला पुन्हा. ऑइल अडीच लिटर लागतं. या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो, नुसती जाळी असते, म्हणून ऑइल बदलण्यात कंजूषी चालत नाही. बागेतली धूळ खाणारा ऑइल बाथ एअर क्लीनर असेल तर तोही धुऊन नवीन ऑइल भरा. ब्रेकचे होस, ड्रमचे सिलिंडर, टायर, हे सगळं अकरा वर्षं उभं राहून गेलेलंच समजा.

चालवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. डॅशबोर्डवरचा डायनॅमोचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे थांबा, "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणू नका. त्याच पट्ट्यावर पंखा फिरतो, पट्टा तुटला की थंडावा संपला. आणि चढावर इंजिनाला आराम मिळावा म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटू नका. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. फेऱ्या कमी तर हवा कमी. चढ दिसला की लवकर गिअर खाली घ्या आणि इंजिनाला मोकळेपणी फिरू द्या. तुमचे आबाजी हे नक्की जाणत असणार, त्याशिवाय त्यांनी इतकी वर्षं घाट काढले नसते. आजीला विचारा, आबाजी घाटात कोणत्या गिअरमध्ये चालवायचे. शेजारी बसणाऱ्या माणसाला ते आवाजावरून आठवतं.

इसाराचे वीस हजार मागून बघा. परत मिळाले तर चांगलं, नाही मिळाले तर जाऊ द्या. उरलेले तीन लाख तीस हजार तुमच्याच खिशात आहेत, आणि वर लिहिलेलं काम त्याच्या लहानशा भागात होईल.

एक खरं सांगून ठेवतो. सगळं नीट झाल्यावरही गाडी ५० अश्वशक्तीचीच राहील. परतवाड्यानंतर घाट सुरू झाला की दुसरा गिअर आणि तीस-पस्तीसचा वेग. मागे गाड्या जमतील, जागा मिळाली की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. दिवाळीच्या दिवसांत हवा थंड असते, सकाळी लवकर निघालात तर मोर्शी, चांदूर बाजार करत ऊन चढायच्या आत परतवाड्याला पोचाल.

आधी एकट्याने परतवाड्यापर्यंत जाऊन या. तिथे इंजिन बंद करा, ऑइलची कांडी ओढा आणि तिचं टोक दोन बोटांत धरून बघा. मोजून पाच सेकंद धरवली तर इंजिन थंड राहतंय, पुढच्या खेपेला आजीला घेऊन घाट चढा. धरवली नाही तर चढू नका, गाडी झाडाखाली लावा, आणि पत्रे नि पट्टी कशी बसलीत त्याचे फोटो काढून मला पाठवा.